मिठीच्या काठाकाठाने चार दिवस: विहारचा सांडवा ते माहीमचं मुख

विहार तलाव ते माहीमची खाडी, मिठी नदीची लांबी १७.८४ किलोमीटर. नकाशा पाहिला की वाटतं, सकाळी लवकर निघालं तर संध्याकाळी समुद्रावर पोचू. पण मिठीला सलग काठच नाही. कुठे भिंत, कुठे झोपड्यांच्या पाठी, कुठे विमानतळाचं कुंपण. दर अर्ध्या किलोमीटरवर काठ सोडून रस्त्यावर यायचं, पुढचा पूल गाठायचा आणि पुन्हा खाली डोकवायचं. म्हणून चार दिवस.

मे महिन्यातली पौर्णिमा धरून निघावं. एक तर नालेसफाई जोरात चालू असते, त्यामुळे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा तळ उघडा दिसतो. दुसरं कारण उधाणाचं. कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती आणि त्याआधी साधारण सहा तास, सकाळी आठच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा वेळापत्रकही जवळ असू द्यावं. पहिले दोन दिवस डोंगराकडचे, तिथे भरतीचा संबंध नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र सगळा कार्यक्रम पाण्याच्या वेळेवर. सोबत जाड तळाचे बंद बूट, भरपूर पाणी, छत्री. काठावर सावली जवळपास नाहीच.

पहिला दिवस (पौर्णिमा): विहार, फिल्टरपाडा, पवई

मेट्रो तीनच्या आरे-जेव्हीएलआर स्थानकातून बाहेर पडून रिक्षाने पूर्वेला फिल्टरपाड्यापर्यंत. वस्तीचं नाव महापालिकेच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावरून पडलेलं आहे. विहारच्या बांधावर परवानगीशिवाय जाता येत नाही. गळ टाकून बसल्यासारखं फाटकाशी घोटाळून उपयोग नाही, सुरक्षारक्षक हटकतात. पाहायचं ते बांधाच्या खालच्या अंगाला.

खालच्या अंगाला काय दिसतं? मे महिन्यात जवळजवळ काहीच नाही. मिठीची गोष्ट इथेच सुरू होते. ही नदी जुन्या कागदांत गोपर म्हणून येते. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये तिच्या खोऱ्यात मातीचे बांध घालायला सुरुवात झाली आणि १८६० मध्ये विहारचं काम पुरं झालं. तोवर मुंबईची तहान विहिरी आणि तळ्यांवर भागत होती. विहार उंचावर असल्यामुळे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने, ३२ इंची बिडाच्या नळातून शहरात गेलं. पुढे १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी झाला. तुळशी भरला की विहारमध्ये सांडतो, विहार भरला की मिठीत.

म्हणजे १८६० पासून या नदीच्या डोक्याचं पाणी नदीत येतच नाही. तलाव ओसंडला तर जुलै-ऑगस्टमध्ये काही दिवस येतं, एरवी नाही. डोंगरातलं स्वच्छ पाणी नळाने बेटावर गेलं आणि नदीच्या पात्राला उरला तो वाटेत मिळेल तो नाला. आज विहार आणि तुळशी मिळून मुंबईच्या रोजच्या पाण्यातला अगदी किरकोळ हिस्सा देतात, बाकीचं पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून येतं. नदीचं डोकं मात्र अडलंय ते अडलंच. मिठी पुन्हा 'जिवंत' करण्याची भाषणं होतात त्यात हा मुद्दा फारसा ऐकू येत नाही.

फिल्टरपाड्याच्या पुलाखाली पात्र आठ-दहा पावलांचं, दगडगोट्यांचं. इथला दगड निरखून पाहण्यासारखा आहे. बसाल्टचे गोल घासलेले गोटे, म्हणजे डोंगरातून वेगाने येणाऱ्या पाण्याची खूण. खाली जाताना हे गोटे गायब होतात आणि त्यांच्या जागी विटांचे तुकडे, फरशा आणि काँक्रीट येतं. वस्तीतल्या न्हाणीघरांचे पाईप थेट पात्रात उघडतात. पाणी पहिल्या किलोमीटरलाच राखाडी होतं.

दुपारी पवई. इथला बांध १८८९ ते १८९१ मधला. शहराला पाणी कमी पडतंय म्हणून घाईने केलेला आणि लगेच पश्चात्तापाचा ठरलेला, कारण पाणी पिण्यालायक निघालं नाही. १८९२ मध्ये तानसा आला आणि पवईची गरजच संपली. तेव्हापासून हे पाणी पिण्याखेरीज इतर वापराचं. तळ्यावर जलपर्णीचा गालिचा असतो. ती काढायची यंत्रं चालू असतात, पण सांडपाणी येत राहिलं की नायट्रोजन-फॉस्फरसचं खत मिळत राहतं आणि काढलेली जलपर्णी काही आठवड्यांत परत येते. काठाशी मगरींच्या सूचनेचे फलक आहेत, ते खरे मानावेत. याच काठावर सायकल ट्रॅकसाठी टाकलेला भराव उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला.

पवईचा सांडवा ओलांडून येणारं पाणी खाली मिठीला मिळतं. विहारची साठवण सुमारे २,७७० कोटी लिटर, पवईची सुमारे ५४५ कोटी लिटर. हे आकडे उद्यासाठी लक्षात ठेवायचे.

दुसरा दिवस (प्रतिपदा): मरोळ, साकीनाका, विमानतळ

मरोळ नाका स्थानकावरून सुरुवात. बामणदाया पाड्याच्या बाजूला पात्राला संरक्षक भिंती आहेत आणि भिंतीला टेकून घरं आहेत. पावसाळ्यात दोरखंड घेऊन माणसं सज्ज ठेवावी लागतात ती अशा जागी.

आधी कालचा हिशोब. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरच्या आत. मिठीचा पाणलोट ७,२९५ हेक्टर. सगळीकडे सांताक्रूझइतकाच पडला असं धरलं तर पाणी होतं साधारण ६,८८६ कोटी लिटर, म्हणजे अडीच विहार तलाव. तेवढं पाणी एका दिवसात या पात्रातून जायचं होतं. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या, त्याही ओहोटी आहे आणि निम्मं पाणी जमिनीत मुरतंय असं गृहीत धरून. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटर पडला. आणि मुरायला जमीन? ती मरोळ ते कुर्ला तुम्हीच शोधा. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्यासाठीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि मुरणं शून्य धरा असं सांगून ठेवलं होतं. बारा वर्षांत त्यातलं थोडंच झालं होतं.

साकीनाका ते जरीमरी या पट्ट्यात नदीपेक्षा तिच्या काठचे धंदे पाहावेत. ड्रम धुण्याचा धंदा त्यातला मुख्य. तेल, रंग, रसायनं, चिकट पदार्थ घेऊन आलेले २०० लिटरचे लोखंडी ड्रम इथे दुसऱ्या जन्मासाठी येतात. पद्धत अशी: उरलेला माल डब्यात निथळून काढायचा, आत कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि लोखंडी साखळी घालायची, झाकण आवळून ड्रम लोळवायचा. साखळी आतला थर खरवडते, कॉस्टिक तेल सोडवतं. मग ओतायचं, साध्या पाण्याने विसळायचं, पोचे ठोकून काढायचे, बाहेरून रंग. एक ड्रम वाचला म्हणजे तेवढा नवा पत्रा वाचला, हे खरंच. गोम ओतण्यात आहे. ते पाणी जवळच्या गटारात जातं, गटार पर्जन्यवाहिनीत, पर्जन्यवाहिनी मिठीत. मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पर्जन्यवाहिन्या वेगळ्या, कागदावर. जिथे मलवाहिनी पोचलेलीच नाही तिथे दोन्हींचं काम एकच नाला करतो. तबेल्यांचं शेणही याच वाटेने. शेण पाण्याबरोबर वाहून जात नाही, पाण्याचा वेग मंदावला की बसतं, आणि पात्र वरून जितकं रुंद दिसतं त्यापेक्षा आतून बरंच उथळ होतं.

यावर उपाय म्हणून सफेद पूल नाला आणि बापट नाला यांचं पावसाळ्याखेरीजचं पाणी वळवून धारावीच्या मलजल केंद्रापर्यंत नेण्यासाठी सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा हाती घेतला गेला. कल्पना बरोबर आहे. प्रत्येक घराला मलवाहिनी जोडेपर्यंत थांबण्यापेक्षा नाल्याच्या तोंडाशीच पाणी उचलायचं. तिची मर्यादाही तिथेच: मोठ्या पावसात सगळंच नदीत जाणार, आणि अशा योजनेने नदीतली घाण कमी झाली तरी कोरड्या महिन्यांत नदीत पाणीही तेवढंच कमी होणार. कारण घाण पाण्याशिवाय तिच्यात दुसरं पाणीच नाही. कालचा विहार आठवावा.

जरीमरीनंतर विमानतळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला हवाई दलाचा तळ वाढत वाढत नदीवर आला. नदीला काटकोनात वळवलं गेलं, तिच्यावर धावपट्टीचा आणि टॅक्सीवेचा भाग आला. कुंपणाजवळ फोटो काढू नयेत, विचारपूस होते. बाहेरच्या रस्त्यावरूनही वळण कळतं: पाणी येतं सरळ आणि एकदम बाजूला जातं. काटकोनी वळणात तीन गोष्टी होतात. वेग तुटतो, त्यामुळे आतल्या अंगाला गाळ बसतो. बाहेरच्या अंगाची भिंत पाण्याच्या माऱ्याने खालून पोखरते. आणि मागे पाणी तुंबून पातळी वाढते, म्हणजे पूर वळणावर येत नाही, त्याच्या वरच्या वस्तीत येतो. २००५ ला विमानतळ स्वतःही तीस तासांहून जास्त बंद पडला. पुराच्या कारणांचा शोध घेणाऱ्या माधवराव चितळे समितीनेही या वळणांवर बोट ठेवलं होतं.

तिसरा दिवस (द्वितीया): कुर्ला, सीएसटी पूल, वाकोला, बीकेसी

सकाळी साडेसातला कुर्ल्यात. ओहोटी सव्वासातची, आज पाणी वर यायचं ते पाहायचंय.

कलिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा पूल ही मिठीची प्रशासकीय फाळणी. वरचे ११.८४ किलोमीटर महापालिकेचे, खालचे सहा किलोमीटर एमएमआरडीएचे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) अशी विभागणी पुरानंतर झाली. नदीला अर्थातच काही कळत नाही, पण गाळ काढताना कळतं. वरच्यांनी आधी काढला आणि खालच्यांचा राहिला तर पाणी पुढे सरकत नाही.

गाळ काढणं जवळून पाहावं. लांब हाताचं पोकलेन काठावरून पोचेल तेवढं ओढतं. मधल्या भागासाठी तराफ्यावर बसवलेलं यंत्र. बादली वर येते तेव्हा तिच्यात चिकट काळा चिखल, त्यात कापडाच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्या, नारळ, थर्माकोल, आणि अधूनमधून सिमेंटचं अख्खं ढेकूळ. तो ढीग काठावर निथळत ठेवतात. ओला गाळ ट्रकमध्ये भरला तर रस्ताभर गळतो आणि वजनकाट्यावर पाण्याचेही पैसे मोजावे लागतात. मोजणी रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक यांच्या वजनातल्या फरकाने. म्हणून सगळे वाद तिथे: गाळ किती आणि पाणी किती, बांधकामाचा राडारोडा मिसळला का, ट्रक खरंच त्या नाल्यावर आला होता का. छायाचित्रण आणि वाहनाचा माग ठेवण्याच्या अटी त्यासाठीच घातल्या जातात. आणि ढीग काठावर पडलेला असताना पहिला वळवाचा पाऊस आला तर? गाळ परत आत. मेअखेरीच्या मुदतीचा सगळा आग्रह या एका भीतीपोटी.

भिंतींचीही एक बाजू आहे. पात्र रुंद केलं, दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या, त्यामुळे नदीचं पाणी वस्तीत शिरणं कमी झालं. पण वस्तीचं पाणी नदीत जायलाही भिंतच आडवी. त्यासाठी भिंतीत भोकं आणि भोकांना बाहेरच्या बाजूने झडपा. झडप वरच्या बिजागरीवर लोंबते. आतलं पाणी जास्त असेल तर ढकलून उघडते, नदी वर आली की दाबाने मिटते. सोपं आहे, चालतंही, जोवर कडेला एक पिशवी अडकत नाही. फट राहिली की भरतीचं पाणी त्या फटीतून मागे वस्तीत. पावसाचा थेंब नसताना गल्लीत पाणी का भरलं, याचं उत्तर बहुतेक वेळा असल्याच एखाद्या झडपेत सापडतं. कुर्ल्यात जाल तिथे काठावर झडपा पाहत जा: किती मिटतात, किती नुसत्या लोंबतात.

साडेअकराला पुलावर परत यावं. आता पाणी उलटं चालू लागलेलं असतं. तरंगणारा कचरा आधी थबकतो, जागेवर गोल फिरतो, मग कुर्ल्याकडे निघतो. जोराचा पाऊस आणि ही वेळ एकत्र आली की वरून येणाऱ्या पाण्याला थांबण्याखेरीज काम नसतं. २६ जुलैच्या दुपारी भरती ४.४८ मीटरची होती. मुंबईत समुद्राला मिळणारी पर्जन्यवाहिन्यांची १८६ पातमुखं, त्यांतली भरतीच्या पातळीच्या वर असलेली अवघी सहा. बाकीच्यांसाठी समुद्र रोज दोनदा दार लावून घेतो.

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, फार वेळ घालवण्यासारखं नाही, पण नकाशा डोक्यात ठेवून एक फेरी मारावी. मिठी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या दोन्ही काठांवरची ३७० हेक्टर सखल जमीन. १९७७ मध्ये एमएमआरडीए तिचं विशेष नियोजन प्राधिकरण झालं. हेतू चांगला होता, दक्षिण मुंबईतली कार्यालयांची गर्दी फोडायची. जागा निवडली ती भरतीचं आणि पुराचं पाणी पसरून थांबायची. खाजण म्हणजे पडीक जमीन हे समीकरण तेव्हा कुणाला खटकलं नाही. खाजणावर हातभर पाणी चढलं तरी ते हेक्टरी काही हजार घनमीटर होतं. ती मोकळी पिशवी भरावाने बंद झाली की तेच पाणी शेजारी चढतं, भराव नसलेल्या जुन्या वस्त्यांत. काचेच्या इमारती उंच जोत्यावर कोरड्या आणि कलिना-कुर्ला पाण्यात, हे त्या भूमितीतूनच येतं.

चौथा दिवस (वद्य तृतीया): शीव, काळा किल्ला, माहीम

सकाळी सातला शीवच्या किल्ल्यावर, ऊन चढायच्या आत. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं. शीव म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. किल्ल्यावरून उत्तरेला पाहायचं आणि मनातल्या मनात इमारती पुसून टाकायच्या: एका बाजूला माहीमची खाडी, दुसऱ्या बाजूला ठाण्याची, मधे दोन्हींना जोडणारं खाजण आणि मिठागरं. त्यापलीकडे साष्टी बेट, म्हणजे आजची उपनगरं. भरतीला हे पाणी आरपार जायचं. मग गव्हर्नर डंकनच्या काळात, १८०५ पर्यंत, शीव-कुर्ला बांध झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वेचा भराव. पुढे पश्चिमेला माहीमजवळ दुसऱ्या रेल्वेचा. प्रत्येक बांधाला मोऱ्या ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक मोरी मूळ प्रवाहापेक्षा अरुंद होती.

महापालिकेची हद्द १९५० पर्यंत इथेच संपायची. खाडीपलीकडचं कुर्ला बाहेरचं, विहारही बाहेरचा. पाणी मात्र नव्वद वर्षं आत येत होतं. चामड्याचे कारखाने, कचरा, भट्ट्या असं जे नकोसं ते हद्दीच्या कडेला ढकलायचं, म्हणजे धारावीत. शहर वाढलं आणि कडा मध्यावर आली.

धारावीत बस आगाराजवळ काळा किल्ला. विचारत जावं लागतं, घरांनी वेढलाय. भिंतीवरच्या इंग्रजी शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्न आणि १७३७ हे साल. सालाला अर्थ आहे: त्याच वर्षी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणं आणि साष्टी घेतली. खाडीच्या पलीकडे एकाएकी मराठे आले आणि इंग्रजांना हा काठ राखावासा वाटला. आज किल्ल्यापासून पाणी चांगलंच दूर सरकलंय. नदीकाठच्या किल्ल्याला नदी दिसत नाही, भरावाचं याहून सोपं मोजमाप नाही.

तिथून महाराष्ट्र निसर्ग उद्यान. शहराचा कचरा टाकायची ही जागा, ३७ एकर. त्यावर माती पसरून १९८३ पासून झाडं लावायला घेतली, १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. कडेला खाडीत तिवरं. चिखलातून पेन्सिलीसारखी उभी राहिलेली त्यांची श्वसनमुळं नीट पाहावीत. तिवराचं झाड कापायला बंदी आहे, पण मारायला कापावं लागत नाही. मुळांच्या टोकांवर राडारोड्याचा थर दिला की हवा बंद होते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. खाडीकाठी उभी वाळलेली तिवरं दिसली की आधी त्यांच्या बुंध्याशी काय टाकलंय ते पाहावं.

दीडच्या सुमाराला माहीमच्या कॉजवेवर. १८४० च्या दशकातला हा बांध, लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले. त्याआधी वांद्र्याला जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात ती बेभरवशाची. शहराला बांध हवाच होता. त्याची किंमत खाडीने मोजली: रुंद तोंडाच्या जागी पुलाखालच्या मोजक्या कमानी. पुढे वांद्र्याकडचा भराव आला, सी-लिंकचं टोक आलं, आणि बाहेरचा उपसागरही आखडला.

पुलाच्या समुद्राकडच्या बाजूने आधी पाहावं, मग रस्ता जपून ओलांडून खाडीकडच्या. वाहनं वेगात असतात. दोनला समुद्राचं पाणी कमानीखालून आत घुसताना दिसतं, आत आल्यावर त्याला पसरायला जागा नसल्यामुळे कमानीशी फुगवटा धरून. सव्वादोनला स्थिर. चार दिवस मागे लागलेला काळा प्रवाह कुठेतरी धारावीच्या अलीकडे अडून उभा असतो. दोन्हींच्या मधली रेघ, हिरवट आणि काळ्या पाण्याची, पुलावरून स्पष्ट दिसते. तीन वाजता ती रेघ समुद्राकडे सरकायला लागते.